दोन डोळ्यांची वाटणी

माणसाने कशाचा अभिमान बाळगावा याला काही धरबंद नाही. कुणाला मिशांचा असतो, कुणाला कोकणातल्या पडक्या घराचा, कुणाला न घेतलेल्या लाचेचा. मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षापासून माझ्या डोळ्यांचा अभिमान होता. डोळे देखणे होते अशातला भाग नाही. परंतु त्यांना चष्मा नव्हता. हिशेबखात्यात आमच्या रांगेतला एकेक गृहस्थ चाळिशी लावू लागला. कागद हात लांब करून वाचावा, मग हात पुरेना झाला म्हणजे चष्मेवाल्याकडे जावे, असा तो क्रम. मी मात्र खतावणीतले बारीकातले बारीक आकडे नुसत्या डोळ्यांनी वाचत होतो आणि भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजले की तेही बसल्या जागेवरून टिपत होतो. मंडळी विचारीत, "काय करता हो डोळ्यांना?" मी गंभीर चेहऱ्याने सांगत असे, "सकाळी गार पाण्याचे हबके, आठवड्यातून दोनदा त्रिफळ्याचं पाणी आणि भातावर घरचं तूप." दोघाचौघांनी त्रिफळा सुरूही केला होता. त्यांची मी आज या पानावरून माफी मागतो.

कारण २००८ साली सौभाग्यवतीचा चष्मा बदलायला तिच्याबरोबर दुकानात गेलो असताना तिथल्या तरुणाने, बसलाच आहात तर तुमचेही पाहू, म्हणून मला खुर्चीत बसवले. उजवा डोळा उघडा ठेवून पाटीवरची शेवटची ओळसुद्धा मी घडाघडा वाचली. मग त्याने उजवा झाकला आणि डाव्याने वाचायला सांगितले. पाटी कुठे आहे हेच मला समजेना! त्याने हसत हसत पुस्तकातला बारीक मजकूर हातात दिला. डाव्याने तो स्वच्छ दिसला. उजव्याने मुंग्यांची रांग. निदान असे झाले, की माझा उजवा डोळा निर्दोष होता आणि डाव्याला पहिल्यापासून मायनस दोन नंबर होता. चाळिशी उलटल्यावर उजव्याचे जवळचे पाहणे संपले, तेव्हा डाव्याने ते काम निमूटपणे अंगावर घेतले. उजव्याकडे परराष्ट्रखाते आणि डाव्याकडे गृहखाते! मेंदू बसल्या जागी दोघांच्या फायली जुळवीत होता आणि मला त्याची दादही नव्हती.

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही एका डोळ्यानेच संसार पाहिलात," सौ. म्हणाली. दुकानातला तरुणही हसला.

या प्रकाराला डॉक्टर लोक मोनोव्हिजन म्हणतात. ज्यांना निसर्गाने दिलेले नसते त्यांना ते कॉन्टॅक्ट लेन्स देऊन मुद्दाम करूनही देतात. एका डोळ्याला लांबचे, दुसऱ्याला जवळचे. मला फुकट मिळाले होते. पुढे पंधरासोळा वर्षे ते बिनतक्रार चालले आणि मग दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला.

पण माझ्या मोतीबिंदूची गोष्ट सांगायची तर आधी हिच्या मोतीबिंदूची सांगितली पाहिजे. ती सांगायला मला जरा जड जाते.

हिला लहानपणापासून दोन्ही डोळ्यांना मायनस तीन नंबर. चष्म्याशिवाय रस्त्यावरून येणारी बस तिला तांबडा डाग दिसायची. परंतु बारीक काम आले की ती चष्मा काढायची किंवा कपाळावर चढवायची. तांदूळ निवडणे, सुईत दोरा ओवणे, मुलाच्या पायातला काटा काढणे, रात्री अंथरुणावर पडून मासिक वाचणे, सगळे उघड्या डोळ्यांनी. वस्तू नाकापासून वीतभर अंतरावर न्यायची आणि तिथे तिला असे काही दिसायचे की सोनाराने आपले भिंग बाजूला ठेवावे. कपाळावर चष्मा चढला की आता घरात काहीतरी नाजूक काम चालले आहे, हे आम्ही ओळखायचो.

२०१९ साली तिच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली, एका मोठ्या आणि गर्दीच्या दवाखान्यात. नाव सांगत नाही, कारण त्यांचे काम चोख होते आणि जी चूक झाली तिच्यात माझा वाटा अधिक होता. तपासणीच्या खोलीत फायलीत डोके घातलेल्या एका बाईंनी विचारले, "भिंग लांबचं बसवायचं ना?" ही काही बोलायच्या आत मी म्हणालो, "अर्थात! लांबचंच." या संभाषणाला दहा सेकंदही लागले नसतील. मला वाटले, जन्मभर जिला लांबचे दिसले नाही तिला ते दिसावे, यापरते सुख कोणते? आणि खरेच, पट्टी निघाल्यावर समोरच्या इमारतीच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांचे रंग तिने एकामागून एक सांगितले. मी पेढे आणले. महिन्याने दुसरा डोळाही तसाच करून घेतला.

त्यानंतर तिच्या गळ्यात दोरीला बांधलेला वाचायचा चष्मा आला. मी म्हटले, असेना! सगळे जग लावते.

२०२३ सालच्या उन्हाळ्यात बंगळूरहून नात आली होती. तिच्या बोटात कुसळ गेले. रडत रडत ती आजीकडे गेली. आजीने जुन्या सवयीने ते बोट हातात घेतले आणि डोळ्यांशी नेले. आणखी जवळ नेले. मग लांब केले. मी दारात उभा राहून पाहत होतो. तिच्या चेहऱ्यावर जे भांबावलेपण आले ते मी त्यापूर्वी कधी पाहिले नव्हते. जणू ठेवल्या जागी हात घातला आणि वस्तू तिथे नाही. चष्मा स्वयंपाकघरात राहिला होता. मी तो आणून दिला, कुसळ निघाले, नात खेळायला पळाली. तेव्हा चष्मा पुशीत ही सहज म्हणाली, "पूर्वी मला हे किती छान दिसायचं नाही? पण तुम्हीच सांगितलंत ना, लांबचं म्हणून."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मी वाद घातला असता आणि सुटलो असतो.

म्हणून २०२४ साली माझी पाळी आली तेव्हा मी दहा सेकंदांत काही सांगायचे नाही असे ठरवले होते. रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांचे फटाके उडत होते. डाव्या डोळ्याचा नंबर वाढून मायनस चारवर गेला होता. मोतीबिंदूचा गाभा घट्ट होऊ लागला की असे होते. पूर्वी मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबत. माझे आजोबा १९६५ च्या सुमारास असे थांबले होते. शस्त्रक्रियेनंतर त्यांच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवल्या होत्या आणि हलायची बंदी होती. डोळ्यातले नैसर्गिक भिंग काढून टाकीत, त्याच्या जागी काही घालीत नसत, आणि नाकावर बशीच्या बुडाएवढा जाड चष्मा येई. त्यातून वस्तू असतात त्याहून मोठ्या आणि जवळ दिसत. आजोबा पेल्याला हात घालीत तो अलीकडेच हवेत मिटायचा. आम्हां पोरांना त्याचे हसू येई.

वास्तविक डोळ्यात भिंग बसवण्याची युक्ती तेव्हा निघालेली होती. १९४९ साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हेरॉल्ड रिडले नावाच्या डॉक्टरने ती प्रथम केली. महायुद्धात लढाऊ विमानांच्या छताचे पारदर्शक तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले होते, आणि ते आत राहूनही डोळा त्यांच्यावर चिडत नाही, हे त्याने पाहिले होते. तसल्याच प्लॅस्टिकचे भिंग त्याने करून घेतले. गंमत अशी, की त्या पहिल्या भिंगाचे गणित चुकले. भिंग बसले, पण त्याची ताकद फाजील झाल्यामुळे रुग्णबाईंना भरमसाट मायनस नंबर आला. म्हणजे कुठल्या अंतरावरचे भिंग घालायचे, हा घोळ या विद्येच्या बारशापासूनचा आहे! मला हे वाचून थोडा धीर आला.

माझ्या डॉक्टरीणबाई मुलीच्या वयाच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी प्रथम विचारले, "काका, चष्म्याशिवाय काय काय दिसलेलं तुम्हांला हवं आहे?" मी चाटच पडलो. असा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता, आणि मुख्य म्हणजे मी कुणाला विचारला नव्हता.

मग त्यांनी समजावून सांगितले. साधे भिंग, मोनोफोकल, एकाच अंतरावर नेम धरते. दोन्ही डोळ्यांचा नेम लांब धरला तर वाचायला चष्मा. दोन्हींचा जवळ धरला तर फिरायला चष्मा. दुसरे मल्टीफोकल, त्याच्यावर बारीक वर्तुळे असतात आणि ती आत येणारा प्रकाश लांबच्या नि जवळच्या कामासाठी वाटून देतात. बऱ्याच जणांचा चष्मा त्याने सुटतो. मात्र प्रकाश वाटला गेल्यामुळे अंधुक उजेडात जरा फिके दिसते आणि रात्री दिव्यांभोवती कडी दिसू शकतात. त्यांच्या मधले, लांबपासून हातभर अंतरापर्यंतचे ओढून दाखवणारे असेही एक असते. बारीक अक्षरांना मात्र तिथेही कधीकधी चष्मा घ्यावा लागतो. बुबुळाचा आकार वाकडा असेल तर टोरिक. आणि चौथा मार्ग म्हणजे माझी जुनी वाटणी तशीच पुढे चालवायची. उजव्यात लांबचे साधे भिंग, डाव्यात जवळचे साधे भिंग.

घरी आल्यावर चिरंजिवांचा बंगळूरहून फोन. "बाबा, पैशाचा विचार करू नका. सगळ्यांत महागातलं घ्या." भिंगाच्या दरपत्रकात सगळ्यांत वर मल्टीफोकल होते आणि माझे साधे भिंग तळाशी. आपल्याकडे महाग ते चांगले हे इतके भिनलेले आहे, की तळाचे काही मागायला लाज वाटते. शेजारच्या बिऱ्हाडातल्या गृहस्थांनी मल्टीफोकल बसवून घेतले होते. ते हॉटेलातले दरपत्रक आणि क्रिकेटचा धावफलक दोन्ही चष्म्यावाचून वाचतात आणि खूष आहेत. "रात्री प्रत्येक दिव्याला प्रभावळ दिसते," ते म्हणाले, "सुरुवातीला त्रास झाला, आता वाटतं, आपली रोजच दिवाळी!" त्यांना ते मानवले. परंतु त्यांनी जन्मभर दोन्ही डोळ्यांनी एकच काम केले होते. माझे दोन डोळे केव्हाच वेगळे राहत होते.

डॉक्टरीणबाईंचे मत विचारले तर त्या म्हणाल्या, "ज्यांना या वाटणीची सवय नाही त्यांना मी आधी काही दिवस कॉन्टॅक्ट लेन्स लावून बघायला सांगते. काहींना गरगरतं, काहींना जिना चुकतो. तुमच्या मेंदूने मात्र ही परीक्षा केव्हाच पास केलीय. ती मोडायची तर काहीतरी कारण हवं." त्यांनी मला दोन्ही हात लांब करून तळव्यांच्या खिडकीतून कॅलेंडर पाहायला लावले आणि एकेक डोळा मिटायला सांगितला. खिडकीतून पाहणारा उजवाच निघाला. म्हणजे लांबचे खाते योग्य माणसाकडे होते.

राहिला प्रश्न डाव्याचा. नेम जवळ म्हणजे किती जवळ? त्याचे गणित सोपे आहे. एक मीटरला नंबराने भागायचे. मायनस एकला मीटरभर, मायनस दोनला अर्धा मीटर, मायनस अडीचला चाळीस सेंटिमीटर. डॉक्टरीणबाईंचा कल मायनस दीडकडे होता. दोन डोळ्यांतले अंतर कमी असले की जिना उतरताना, पाणी ओतताना खोलीचा अंदाज चांगला येतो. "घरी जाऊन मोजा," त्या म्हणाल्या, "आणि मला सांगा."

म्हणून एका दुपारी मी हिची शिवणाची टेप काढली. शून्याचे टोक माझ्या डोळ्याच्या कोपऱ्याशी मी धरायचे आणि दुसरे टोक हिने जिथे तिथे न्यायचे. वर्तमानपत्र बेचाळीस सेंटिमीटर. फोन छत्तीस. जेवणाचे ताट पंचावन्न. दाढीचा आरसा आणि मी, चाळीस. देवघरातल्या पोथीपाशी आल्यावर ही म्हणाली, "ती तुम्ही कुठे वाचता? ते राहू द्या." मी वहीत आकडे मांडत होतो. हिशेबखात्यातला माणूस; मला उत्साह चढला होता. मी विचारले, "आणखी काय मोजायचं राहिलं?"

"उशी," ही म्हणाली.

"कसली उशी?"

"माझ्या उशीपासून तुमची उशी." आणि मग टेप गुंडाळता गुंडाळता तिने जे सांगितले ते पाच वर्षांत मला सांगितले नव्हते. "सकाळी डोळे उघडले की मला भिंतीवरचं घड्याळ अगदी स्वच्छ दिसतं. पण शेजारी तुम्ही दिसत नाही. नुसता गोळा. पूर्वी तुम्ही दिसायचा आणि घड्याळ दिसायचं नाही." मी काहीच बोललो नाही असे पाहून ती पुढे म्हणाली, "एका परीने बरंच आहे म्हणा. दाढी वाढलेली असते तुमची."

मी टेप तिच्या हातातून घेतली आणि मोजले. अडतीस सेंटिमीटर.

मग मी तिला ते विचारले जे २०१९ साली विचारायला हवे होते. तिने सांगितले, की लांबचे दिसले याचा आनंद तिला झाला होता, खोटे कशाला बोला. गच्चीवरचे कपडे, देवळाचा कळस, बसची पाटी. पण लांबच्यासाठी ती जन्मभर चष्मा लावतच आली होती आणि त्याचे तिला कधी ओझे वाटले नव्हते. उघड्या डोळ्यांचे जग तेवढे तिचे स्वतःचे होते. कुणी विचारले असते तर निदान एक डोळा तिने जवळचा मागितला असता. "मग बोलली का नाहीस?" "तुम्ही बोललात ना," ती म्हणाली.

मी डॉक्टरीणबाईंना हिच्याविषयी विचारून आलो. बसवलेले भिंग काढून दुसरे घालता येते, पण इतक्या वर्षांनंतर ते धरून बसलेले असते आणि त्यात धोका असतो. एका डोळ्याला कॉन्टॅक्ट लेन्स लावून पाहण्यासारखी आहे. हिने दोन्हींना हात जोडले. "आता माझ्या डोळ्यांत कुणी काही घालायचं नाही." यावेळी मी मधे बोललो नाही.

माझा डावा डोळा शेवटी मायनस दोनवर ठरला, म्हणजे जिथे तो आधी पन्नास-साठ वर्षे होता तिथेच. डॉक्टरीणबाईंनी बजावले, की यंत्राने डोळ्याची लांबी कितीही बारीक मोजली तरी अर्ध्या नंबराचा फरक पडू शकतो, त्याची खात्री कुणी देत नाही. आणि रात्री स्कूटर चालवायची झाली तर डाव्यासाठी लांबचा चष्मा करून ठेवायचा. मी म्हटले, कबूल.

शस्त्रक्रियेचे वर्णन करीत नाही. ते प्रत्येक कट्ट्यावर रोज चालू असते. आधी उजवा झाला. थेंब घालून डोळा बधिर केला, रंगीत उजेडात पोहल्यासारखे वाटले आणि पंधरावीस मिनिटांत बाहेर. दुसऱ्या दिवशी मी एकेक डोळा मिटून आमची भिंत पाहत बसलो. डाव्याने पाहिली तर साय आलेल्या दुधासारखी. उजव्याने पाहिली तर लख्ख पांढरी. मी हिला म्हटले, "अगं, भिंत पांढरी आहे!" ती म्हणाली, "पाच वर्षं मी दुसरं काय सांगतेय? तुम्हीच रंगाऱ्याशी भांडत होता."

तीन आठवड्यांनी डावा झाला. पहिले चार दिवस धूसर गेले आणि माझ्या पोटात गोळा आला, की नेम चुकला तर? पाचव्या दिवशी पहाटे जाग आली. उजव्याने घड्याळ दिसले, सहाला दहा कमी. मग मान वळवली. ही झोपलेली होती. कपाळावर चष्म्याची खूण अजून होती. चष्मा कपाळावर चढवणे थांबून पाच वर्षे झाली तरी. ती खूण मला बारीक रेषेसकट दिसली. मी बराच वेळ पाहत राहिलो. तिला जाग आली तेव्हा तिने उशीखाली हात घालून वाचायचा चष्मा काढला, नाकावर ठेवला आणि माझ्याकडे पाहिले.

"दाढी करा," म्हणाली.

हल्ली तो चष्मा रात्री उशीखाली असतो. घरातल्या बारीक कामांची सरकारी नेमणूक मात्र माझ्याकडे आली आहे. औषधाच्या बाटलीवरची तारीख, सुईचे नेढे, नातीचे कुसळ. चकलीच्या भाजणीचे धान्य निवडायला गेल्या दिवाळीपासून मी बसतो. वाटाण्याएवढा खडाही पूर्वी मला दिसत नसे, कारण मी बघतच नसे. आत्ताही हे लिहीत असताना स्वयंपाकघरातून हाक आली आहे, "अहो, तुमचा डावा डोळा जरा इकडे आणा." तेव्हा उठले पाहिजे.